गोल शून्य

शाळेच्या मैदानात चेंडू आला, की पहिली पाच-दहा मिनिटे खेळात जात नाहीत; ती भांडणात जातात. कोणी कोठे उभे राहावयाचे यावरून ते भांडण असते. प्रत्येकाला पुढे हवे असते. पुढे राहिले म्हणजे गोल करता येतो आणि गोल केला म्हणजे पोरे खांद्यावर घेऊन नाचतात. मग उरलेसुरले जे कोणी असतात, जाडे, चष्मेवाले, नुकतेच दुसऱ्या गावाहून आलेले, त्यांना "तू बॅकला थांब" असे फर्मान सुटते. मी स्वतः शाळेत असताना सहा वर्षे बॅकला थांबलो आहे. चष्मा मला तेव्हाही होता.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा असाच तोंड पाडून माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"सर, मला बॅकला नको."

"का रे?"

"बॅकला मठ्ठ पोरं ठेवतात."

मी मराठी आणि इतिहास शिकविणारा मनुष्य. खेळाच्या तासाला केवळ शिटी वाजविण्यापुरता उभा असतो. त्याला काय सांगावे ते मला त्या वेळी सुचले नाही. सुचले ते दोन महिन्यांनी, आणि त्याला कारण झाले आमचे आजोबा, जे आज हयात नाहीत.

आजोबा मुंबईला गिरणीत होते आणि सुट्टीच्या दिवशी कूपरेजच्या मैदानावर सामने पाहावयास जात. नेव्हिल डिसूझा हे त्यांचे दैवत. मूळच्या गोव्याच्या या खेळाडूने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, ही कथा आजोबा दर दिवाळीला फराळाच्या ताटावर आम्हांला ऐकवीत. पुढच्या, म्हणजे उपांत्य सामन्यातही पहिला गोल डिसूझानेच केला. पण मग समोरच्यांनी एकामागून एक चार चढविले आणि भारत ४-१ असा हरला. समोर होता युगोस्लाव्हिया. त्याच युगोस्लाव्हियाने त्याआधी चार वर्षे, १९५२ साली, हेलसिंकीला भारताचा १०-१ असा फडशा पाडला होता. आजोबा त्या लोकांचे नाव घेताना चकलीचा तुकडा अंमळ जोरानेच मोडीत.

हे युगोस्लाव लोक इतके चांगले फुटबॉल खेळावयास शिकले कोठे, हे एके दिवशी सहज पाहावे म्हणून मी मागे मागे वाचीत गेलो, आणि १९३० सालच्या त्यांच्या संघाच्या यादीत मला एक बॅक भेटला. मिलुतिन इव्कोविच हे त्याचे नाव. बेलग्रेडचे लोक त्याला लाडाने 'मिलुतिनात्स' म्हणत. देशासाठी सामने एकोणचाळीस, गोल शून्य.

मिलुतिनचा जन्म ३ मार्च १९०६ रोजी बेलग्रेडला झाला. आईचे वडील राडोमिर पुत्निक हे सर्बियाच्या सैन्याचे प्रमुख सेनापती. त्यांच्याविषयी चार ओळी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. १९१४ च्या जुलैत हे म्हातारे सेनापती दम्याने बेजार होऊन हवापालटासाठी गेले होते, ते नेमके शत्रूच्या मुलखात, ऑस्ट्रियातल्या ग्लाइखेनबर्गला! इकडे युद्ध पेटले. परत येताना त्यांना बुडापेस्टला अडकविण्यात आले. पण वृद्ध सम्राट फ्रान्झ योसेफने शूराला शोभेल अशा रीतीने त्यांना सोडून देण्यास सांगितले. तोवर बेलग्रेडला दुसराच घोटाळा झाला होता. युद्धाचे नकाशे सेनापतींच्या तिजोरीत आणि तिजोरीची किल्ली सेनापतींच्या खिशात! शेवटी तिजोरी सुरुंग लावून फोडावी लागली. त्याच सेनापतींनी त्या वर्षी ऑस्ट्रियाच्या फौजा दोनदा परतवून लावल्या. पुढच्या हिवाळ्यात मात्र सगळा देशच माघार घेऊ लागला, तेव्हा आजारी पुत्निकांना सैनिकांनी बंद खुर्चीत बसवून अल्बानियाच्या बर्फाळ डोंगरांतून खांद्यावर वाहून नेले. १९१७ साली ते फ्रान्समध्ये नीस येथे वारले. नातू तेव्हा अकरा वर्षांचा होता.

अशा घराण्यातला मुलगा चेंडूच्या मागे लागला, हे घरी कोणाला कसे वाटले असेल, याची कल्पना मराठी वाचकाला करून द्यावयास नको. बेलग्रेडला चेंडू येऊन तोवर फार वर्षे झाली नव्हती. १८९६ साली ह्यूगो बुली नावाच्या एका ज्यू तरुणाने बर्लिनहून तो आणला आणि 'सोको' नावाच्या व्यायाममंडळातल्या मित्रांना तो कसा खेळावयाचा ते दाखविले. बर्लिनहून आलेला चेंडू, ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

आता बॅक म्हणजे काय, ते थोडे सांगतो. ज्यांना नियमांचा कंटाळा असेल त्यांनी तेवढ्यात एखादा लाडू संपवावा. त्या काळी संघाची मांडणी पुढे पाच, मध्ये तीन आणि मागे केवळ दोन अशी असे. हे मागचे दोन ते फुलबॅक. त्यांच्या पाठीमागे गोलरक्षक. आपल्या हुतूतूत कोपऱ्यावरचा गडी जसा सगळ्यांच्या नंतर हलतो आणि हलला तर चुकून चालत नाही, तसे काहीसे त्यांचे काम. चेंडू जाड कातड्याचा, वर वादीने आवळलेला; पावसात भिजला की दगडासारखा जड होई. जखमी झालेल्याच्या जागी दुसरा गडी घेण्याची सोय नव्हती. लंगडत का होईना, खेळावे लागे.

त्यातच १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी चेंडू पुढे मिळविणाऱ्या गड्याच्या समोर विरुद्ध बाजूचे तीन जण असावे लागत. आता दोन पुरे झाले. कागदावर एका आकड्याचा फरक, पण बॅक लोकांचा सारा संसारच त्याने उधळला. एका बॅकने दोन पावले पुढे यावयाचे आणि शत्रूला ऑफसाइडमध्ये पकडावयाचे, ही त्यांची जुनी युक्ती एका रात्रीत धोक्याची झाली. गोलांचा पाऊस पडू लागला. आणि नेमका त्याच वर्षी, २८ ऑक्टोबरला, एकोणीस वर्षांचा मिलुतिन देशासाठी पहिल्यांदा मैदानात उतरला, तो प्रागला, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध. निकाल लागला ७-०.

ज्याच्या पहिल्या सामन्यात आपल्यावर सात गोल चढले त्या बॅकला पुन्हा कोण बोलावील? आमच्या शाळेत तर मी दोन गोल खाल्ल्यावर मला एक आठवडा पाणी आणण्याच्या कामावर ठेवले होते. पण मिलुतिनला पुन्हा बोलावण्यात आले, आणि मग नऊ वर्षे बोलावण्यात आले. तो 'युगोस्लाव्हिया' याच नावाच्या बेलग्रेडच्या क्लबातून खेळे. पुढे १९२९ साली तो 'सोको'कडे गेला, म्हणजे बुलीचा चेंडू जेथे प्रथम उसळला त्याच मंडळाच्या संघाकडे. हा संघ नंतर 'बास्क' या नावाने ओळखला जाऊ लागला. खेळत असताना त्याचा वैद्यकीचा अभ्यास चाललेला होता, आणि तो त्याने पुरा केला. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी हे मुद्दाम नमूद करून ठेवतो. पालकांनी नोंद घ्यावी.

१९३० साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात पहिली जागतिक स्पर्धा भरली. आज जागतिक स्पर्धेसाठी देशोदेशी केवढी चढाओढ चालते! त्या वेळी युरोपातल्या बड्या देशांनी इतक्या लांब कोण जातो म्हणून पाठ फिरविली. अटलांटिक ओलांडण्यास दोन आठवडे. सारे मिळून दोन महिने कामधंदा बुडणार. युरोपातून चारच संघ निघाले : फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया.

युगोस्लाव्हियाचा संघ तरी पुरा कोठे होता? १९२९ च्या जानेवारीत राजा अलेक्झांडरने संसद गुंडाळून सत्ता आपल्या हाती घेतली होती. मग फुटबॉल संघटनेची कचेरीही झाग्रेबहून बेलग्रेडला हलविण्यात आली. झाग्रेबचे क्रोएट खेळाडू रागावले आणि त्यांनी येण्याचे नाकारले. तेव्हा सर्बियातल्या क्लबांतली आणि फ्रान्समध्ये खेळणारी दोन-तीन पोरे गोळा करून संघ उभा केला. त्यांचे वय सरासरीने बावीसच्या आतच होते. प्रशिक्षक बोश्को सिमोनोविच हे पेशाने वास्तुशिल्पी. आणि कर्णधार आमचा बॅक, चोवीस वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी. मार्सेलच्या बंदरातून 'फ्लोरिडा' नावाच्या बोटीने ही मंडळी निघाली. याच मार्सेलला चार वर्षांनी राजा अलेक्झांडर बोटीतून उतरताच भर रस्त्यात गोळ्या घालून मारला जावयाचा होता. कादंबरीत मी असे लिहिले असते तर संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून हस्तलिखित परत पाठविले असते.

१४ जुलैला पहिलाच सामना ब्राझीलशी होता. एकविसाव्या मिनिटाला तिर्नानिचने गोल केला. दुसऱ्या दिवशी त्याला वीस वर्षे पुरी व्हावयाची होती. तिसाव्या मिनिटाला इव्हान बेकने दुसरा केला. मग ब्राझीलने एक फेडला आणि पुढची अर्धी घटका ते लाटेसारखे येत राहिले. येथे मी पुस्तक मिटून क्षणभर थांबलो. कारण वर्णनांत सगळीकडे तिर्नानिच आहे, बेक आहे, गोलरक्षक याक्शिच आहे. पण ती अर्धी घटका ज्याने काढली तो बॅक वर्णनात येत नाही. न झालेल्या गोलाचे वर्णन कोण करणार? सामना २-१ असा संपला. ब्राझील घरी गेला. तीन दिवसांनी बोलिव्हियाला ४-० असे हरवून ही पोरे उपांत्य फेरीत पोचली. शेवटच्या चारांत युरोपचा तेवढा एकच संघ होता.

२७ जुलैला गाठ पडली ती यजमान उरुग्वेशी. चौथ्याच मिनिटाला वुयादिनोविचने गोल करून साऱ्या मैदानाला गप्प केले. पण पहिल्या अर्ध्या वेळातच उरुग्वेने तीन फेडले. युगोस्लाव्हियाचा एक गोल पंचांनी ऑफसाइड म्हणून नाकारला. उरुग्वेच्या तिसऱ्या गोलाविषयी तर अशी आख्यायिका आहे, की चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना तेथे उभ्या असलेल्या पोलिसाने तो बुटाने हळूच आत लोटला. खरे-खोटे त्या पोलिसाला ठाऊक. निकाल ६-१ असा लागला, आणि सहा गोल एका पोलिसाने केले असे म्हणता येत नाही. इव्कोविचच्या वाट्याला पुन्हा एकदा मोठी हार आली. गंमत अशी, की तिसऱ्या क्रमांकाचा सामना तेव्हा झालाच नाही. ते लोक चौथे होते हे 'फिफा'ने ठरविले १९८६ साली, म्हणजे कर्णधाराला जाऊन त्रेचाळीस वर्षे झाल्यावर!

देशासाठी त्याने शेवटचा सामना खेळला तो १६ डिसेंबर १९३४ रोजी, पॅरिसला, फ्रान्सविरुद्ध. त्यानंतर तो डॉक्टर इव्कोविच झाला. प्रतिष्ठित घराणे, शहरभर ओळखणारी माणसे, हाती डॉक्टरी. येथवरच्या गोष्टीत दिवाळीच्या अंकात शोभेल असा गोड शेवट तयार आहे, आणि मला तो करता आला असता तर मी केलाही असता.

पण हा मनुष्य डाव्या विचारांकडे वळला, कम्युनिस्टांच्या बाजूला गेला. त्यांचा पक्ष त्या देशात बंदी घातलेला. वाचकांपैकी कित्येकांना ती मते रुचणार नाहीत. माझेही त्यांच्याशी सगळेच जुळते असे नाही. तो 'म्लादोस्त' म्हणजे 'तारुण्य' नावाचे तरुणांचे मासिक संपादू लागला. १९३६ चे ऑलिंपिक बर्लिनला, हिटलरच्या छत्राखाली, भरावयाचे होते. खेळाडूंनी तेथे जाऊ नये म्हणून खटपट करणाऱ्यांत तो पुढे होता. देशाने त्याचे ऐकले नाही. युगोस्लाव्हियाचे खेळाडू बर्लिनला गेले आणि कसरतपटू श्टुकेल्यने तेथे रौप्यपदकही मिळविले. पोलिसांनी मात्र इव्कोविचचे नाव वहीत लिहून ठेवले आणि त्याला एकाहून अधिक वेळा पकडून नेले.

६ एप्रिल १९४१, रविवारची सकाळ. जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले. अकरा दिवसांत देश शरण गेला. एक जर्मन सैनिक मारला गेला तर शंभर ओलीस मारावयाचे, जखमी झाला तर पन्नास, असा हुकूम सुटला. त्या हिशेबाने त्याच ऑक्टोबरात क्रागुयेवात्स गावी हजारोंवर माणसे गोळ्यांना बळी पडली; त्यांत शाळेतून उठवून नेलेली मुले होती आणि त्यांचे शिक्षकही होते. सेनापती पुत्निकांचे ते जन्मगाव. हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना माझा आवाज नीट लागेना. पोरांना वाटले, सरांना सर्दी झाली.

आणि तरीही बेलग्रेडला फुटबॉल चालूच होते! वेढलेल्या, उपाशी शहरात रविवारी सामने होत, माणसे ते पाहावयास जात. 'युगोस्लाव्हिया' हा शब्दच जर्मनांना नको होता, म्हणून इव्कोविचच्या जुन्या क्लबाला आपले नाव टाकून 'एस. के. १९१३' असे केवळ स्थापनेच्या सालाचे नाव घ्यावे लागले. डॉक्टर इव्कोविच शहरातच राहिला. ज्याचे तोंड शहरातले शेंबडे पोरही ओळखते, ज्याचे नाव पोलिसांच्या वहीत आधीपासून आहे, त्याने लपून काम करावयाचे तरी कसे? तो निघून का गेला नाही, हा प्रश्न कादंबरीकार म्हणून मी बरेच दिवस मनात घोळविला. त्याच्या तोंडी एखादे उत्तर घालणे मला अवघड नाही, लेखणी सवयीची आहे. पण हा इतिहास आहे. येथे मी ते घालणार नाही.

१९४३ च्या मे महिन्याच्या आरंभी तो बेलग्रेडला एका सामन्यात पुन्हा उतरला. वय सदतीस. तो त्याचा शेवटचा सामना. २४ मेच्या रात्री उशिरा त्याला पकडून बान्यित्साच्या छावणीत नेले. ही छावणी म्हणजे पूर्वीची सैनिकांची बराक. छावणीचे कारकून मोठे टापटिपीचे. त्यांच्या वह्यांत तेवीस हजारांवर नावे लिहिलेली आहेत. दुसऱ्या दिवशी, २५ मेला, कम्युनिस्ट म्हणून त्याला गोळ्या घातल्या. शहराबाहेर यायिंत्सी म्हणून जागा आहे, तेथे सैन्याचा नेमबाजीचा माळ होता. बान्यित्साच्या कैद्यांना तेथेच उभे करीत.

त्याची समाधी नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस, हार दिसू लागल्यावर, जर्मनांनी यायिंत्सीच्या माळावर पुरलेली प्रेते कैद्यांकडून उकरून काढविली आणि जाळून टाकविली. आजोबांच्या अस्थी नीसहून १९२६ साली समारंभाने बेलग्रेडला आणल्या होत्या. नातवाची मूठभर माती वेगळी काढता येईल अशी उरली नाही. बर्लिनहून चेंडू आणणारा ह्यूगो बुली, तोही याच युद्धात ज्यू म्हणून मारला गेला.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले का? थोडे सांगितले. सेनापतींच्या तिजोरीची गोष्ट सांगितली, ब्राझीलचा सामना सांगितला, शेवटही दोन वाक्यांत सांगितला. त्याने बराच वेळ बूट मातीत घासला.

"सर, त्यांनी एकपण गोल नाही केला?"

"देशासाठी एकही नाही."

"मग कॅप्टन कसे केले?"

मी म्हणालो, "ते त्यांच्या संघातल्या पोरांना विचारायला हवं." पुढच्या शनिवारी तो बॅकला उभा राहिला, पण राजीखुशीने राहिला असे मी म्हणणार नाही. दुसरा कोणी तयार नव्हता.

युद्धानंतर तेथे नवे राज्य आले, आणि ते त्याच्याच पक्षाचे. त्यांनी त्याच्या नावाची पाटी मैदानावर लावली, रस्त्याला नाव दिले. हे राज्यही पुढे मोडले. १९९० नंतर युगोस्लाव्हियाचे तुकडे झाले आणि बेलग्रेड पुन्हा नुसत्या सर्बियाची राजधानी झाले. २०१० साली तेथे माँटेव्हिडिओला गेलेल्या त्या पोरांवर एक बोलपट निघाला, तो लोकांनी गर्दी करकरून पाहिला. त्यात मिलुतिनात्सही आहे, तरुण आणि देखणा. कथा आहे ती माँटेव्हिडिओला जाण्याच्या खटपटीची, तेव्हा पुढचे त्यात येत नाही.

पाटी आहे ती 'पार्टिझान' क्लबाच्या मैदानावर. तो त्या क्लबातून कधीच खेळला नाही. तो क्लब निघाला १९४५ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. तो ज्या क्लबातून वाढला, त्या 'युगोस्लाव्हिया' क्लबाचे मैदान तेथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर होते. त्या जागी आता 'रेड स्टार'चे भले मोठे मैदान आहे. दोन्ही क्लबांचे हाडवैर जगभर ठाऊक आहे, आणि ज्या दिवशी त्यांचा सामना असतो त्या दिवशी त्या रस्त्यावर पोलिसांची रांग उभी असते.